रीत आणि भय : दोन कादंबरीप्रकारांचे शेजारपण

मराठीत ‘सामाजिक कादंबरी’ ही संज्ञा इतकी ऐसपैस झाली आहे की विधवाविवाहापासून गिरणीसंपापर्यंत काहीही तिच्यात मावते. याचा एक तोटा असा झाला की, इंग्रजी समीक्षा जिला ‘नॉव्हेल ऑफ मॅनर्स’ म्हणते त्या कादंबरीसाठी आपल्याकडे स्वतंत्र नाव रुळलेच नाही. प्रस्तुत लेखात तिला ‘रीतिभातींची कादंबरी’ म्हटले आहे. कोणी कोणाच्या आधी जेवायचे, कोणत्या खोलीत कोणी बसायचे, कोणाचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, कोणत्या शब्दाला उत्तर द्यायचे आणि कोणत्या शब्दापुढे मान खाली घालायची, या नियमांच्या जाळ्यातून जी कादंबरी माणसे उभी करते ती रीतिभातींची कादंबरी. तिच्यात घटना लहान असतात. चुकीची किंमत मात्र मोठी असते. ‘डार्क फँटसी’च्या बाबतीत अडचण उलट आहे. भयकथा, गूढकथा, रहस्यकथा अशी नावे भरपूर आहेत, पण ती मासिकांच्या आणि वर्गणीच्या वाचनालयांच्या व्यवहारातून आलेली आहेत. समीक्षेने ती घडवलेली नाहीत. येथे तिच्यासाठी ‘भयाद्भुत’ हा शब्द योजला आहे.

या लेखाला निमित्त झाले ते एका यादीचे. पानशेत परिसरातील एका लहान सार्वजनिक वाचनालयाने ‘प्रौढ वाचकांसाठी’ कादंबऱ्यांची शिफारस मागितली. या शब्दाशीच मी प्रथम अडलो. मराठीत ‘प्रौढांसाठी’ म्हटले की एक तर नवसाक्षरांच्या ठळक टायपातल्या पुस्तिका डोळ्यांपुढे येतात, नाही तर चित्रपटगृहाबाहेरची पाटी. वयाने वाढलेला आणि निकाल हाती न देणारी कादंबरी सोसू शकणारा वाचक, या साध्या अर्थाला भाषेत जागा उरलेली नाही. त्या वाचनालयाच्या कपाटांकडे पाहिल्यावर दुसरी अडचण दिसली. ‘सामाजिक’ आणि ‘रहस्य-भय’ अशी दोन कपाटे. पहिल्यातली पुस्तके स्वच्छ. दुसऱ्यातल्या नारायण धारपांच्या कादंबऱ्या दोनदोनदा बांधणी केलेल्या, पाने खिळखिळी. ही विभागणी ग्रंथपालाच्या सोयीची असेल, पण तिच्यामागे समीक्षेने दिलेला एक आधारही आहे.

तो आधार भालचंद्र नेमाडे यांच्या प्रवृत्तिविचारात सापडतो. ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) समाविष्ट असलेल्या मराठी कादंबरीवरील दीर्घ लेखात त्यांनी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून तीन प्रवृत्ती निघाल्याचे दाखवले : वास्तवाची, कल्पनारम्य रंजनाची आणि वास्तवाच्या आभासाची. मराठी कादंबरीविषयी इतकी उपयुक्त मांडणी दुसरी नाही, आणि ती आपण सर्वांनी वर्गात शिकवली आहे. तथापि शिकवता शिकवता ती नकळत एक पायरी बनली. जे वास्तव ते वर, जे अद्भुत ते खाली. रीतिभातींची कादंबरी ‘यमुनापर्यटन’च्या घरची ठरली, भयाद्भुत ‘मुक्तामाले’च्या. मग चिं. त्र्यं. खानोलकरांसारखा लेखक आला की आपण त्याला ‘नियती’, ‘आदिबंध’, ‘अस्तित्वाचे गूढ’ असे शब्द वापरून वरच्या पायरीवर चढवून घेतो, आणि धारपांना खाली ठेवतो. दोघांच्या भयात फरक आहेच. परंतु तो फरक काय आहे हे मात्र आपण तपासलेले नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मराठीत तरी रीत आणि भय यांचे मूळ एकच आहे. याचा सर्वांत सोपा पुरावा कादंबरीत नसून भुतांच्या नावांत आहे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून जमवलेली लोकसमजुतींची सामग्री (हेच ते जॅक्सन, ज्यांचा नाशकात १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी वध केला) पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली. तिचा कोकणावरील खंड १९१५ साली निघाला. त्यातील भुतांची यादी एखाद्या जनगणनेच्या तक्त्यासारखी वाचता येते. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेला ब्राह्मण मुलगा. समंध म्हणजे निपुत्रिक गेलेला किंवा वासना अडकलेला ब्राह्मण. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना मेलेली बाई. लावसट म्हणजे विधवेचे भूत. हडळ बाळंतपणाच्या विटाळात गेलेली. खवीस महार-मांगांपैकी कोणाचा तरी. गिऱ्हा बुडून मेलेला, पाण्यात वस्ती करणारा. प्रदेशागणिक तपशील बदलतात, पण तत्त्व तेच राहते. मेलेल्या माणसाचे क्रौर्य किंवा सज्जनपण यांपैकी कशालाही या यादीत स्थान नाही. विचारले जाते ते इतकेच : जात कोणती, कोणता संस्कार राहिला, कुंकू होते की नव्हते. जिवंतपणी माजघरात ज्या प्रश्नांवरून माणसाची जागा ठरत होती त्याच प्रश्नांवरून मेल्यावर पिंपळावरची जागा ठरते. मराठी भूत म्हणजे मृत्यूनंतरही चालू राहिलेली रीत.

ही यादी सवर्णांच्या नजरेतून झालेली आहे, हेही येथेच नोंदवले पाहिजे. खवीस कोणाला दिसतो हा प्रश्न तिच्यात विचारलेला नाही. बाबूराव बागुलांच्या ‘सूड’मध्ये (१९७०) भूतखेत नाही, पण समाजाच्या ठरीव जागांबाहेर ढकललेल्या देहाचे जे भय आहे त्यापुढे पिंपळावरची मंडळी फिकी पडतात. भयाद्भुताच्या कपाटात ती कादंबरी कोणी ठेवणार नाही. माझ्या यादीत मात्र ती आहे.

आता हरिभाऊ आपट्यांकडे वळू. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः आलेली कादंबरी मराठीतील रीतिभातींच्या कादंबरीचा पहिला पूर्ण नमुना होय. यमू स्वतः बोलते, आणि बोलते ते बारीकसारीक गोष्टींविषयी. माहेरची शिस्त, सासरची शिस्त, थोरामोठ्यांसमोर बोलण्याच्या मर्यादा, मुंबईच्या बिऱ्हाडात नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता येण्याचे अप्रूप. या पाल्हाळाबद्दल हरिभाऊंना समीक्षकांनी वेळोवेळी दूषण दिले. पण पाल्हाळच या कादंबरीचे यंत्र आहे. पानामागून पान वाचक घराचे नियम शिकतो, यमूबरोबर त्यांना सरावतो, काही ठिकाणी हसतोही. नंतर रघुनाथराव जातो, आणि त्याच घरात, त्याच माणसांत, शंकरमामंजींच्या हुकमाने यमूचे केशवपन होते. नवे पात्र येत नाही, नवा नियमही येत नाही. यमूची नियमांमधली जागा फक्त बदलते, आणि ओळखीचे घर क्षणात अनोळखी होते. भयाद्भुत जे करू पाहते ते हेच. ओळखीच्या वस्तूला दुसरा चेहरा फुटतो, निवेदकाच्या स्वतःच्या देहावर त्याचा स्वतःचा हक्क उरत नाही, आणि आजूबाजूचे लोक सारे नेहमीसारखेच चालले आहे असे वागत राहतात. हरिभाऊंना अद्भुताची गरज पडली नाही, कारण रीत पुरेशी होती.

उलट दिशेने पाहण्यासाठी जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’चे उदाहरण घेता येईल. लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत भयकादंबऱ्या वाचून भारावलेली कॅथरिन एका जुन्या वास्तूत पाहुणी जाते. तिथल्या कपाटात तिला रहस्यमय कागद सापडतात, आणि ते निघतात धोब्याचे हिशोब. यजमानाने स्वतःच्या बायकोचा काटा काढला असावा हा तिचा संशयही खोटा ठरतो. इथपर्यंतची कादंबरी भयकथेची टिंगल म्हणून शिकवली जाते. पुढचा भाग कमी शिकवला जातो. मुलगी आपल्याला वाटली तितकी श्रीमंत नाही हे कळताच तोच यजमान तिला एकटीला, सोबतीशिवाय, पहाटे घराबाहेर काढतो. म्हणजे कॅथरिनचा तर्क चुकला, पण नाक बरोबर होते. घरात खरोखरच काही भयंकर होते. ते तळघराऐवजी हुंड्याच्या हिशोबात होते इतकेच.

आपल्याकडे ही दोन्ही टोके प्रथम जाणीवपूर्वक एकत्र आणली ती खानोलकरांनी. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) यांपैकी दुसरी मी आधी सुचवीन. कोंडुऱ्याकडून परशुरामतात्याला वर मिळतो, त्याबरोबर ब्रह्मचर्याची अट येते आणि गर्भ पाडणारी मुळी हाती येते. साक्षात्कार खरा की भास, हा प्रश्न कादंबरी शेवटपर्यंत मिटू देत नाही. श्याम बेनेगलांच्या १९७८च्या चित्रपटानेही तो मिटवला नाही. परंतु दैवी देणगी म्हणून जे हाती येते ते काय आहे, हे पाहण्याजोगे आहे. ती वस्तू गावाच्या अब्रूच्या व्यवहारात थेट उपयोगी पडणारी आहे. कोणाच्या पोटात कोणाचे मूल हा रीतीचा सर्वांत जुना प्रश्न; देव त्या प्रश्नाचे हत्यार एका भाबड्या माणसाच्या हाती देतो. खानोलकरांवरील आपल्या लेखनात ‘नियती’ या शब्दाने हा सामाजिक कणा झाकला गेला आहे असे मला वाटते.

धारपांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी स्टीफन किंगचे ऋण मोठ्या प्रमाणावर घेतले. ‘लुचाई’मागे ‘सेलम्स लॉट’ (१९७५) आहे आणि ‘आजी’ या कथेमागे ‘ग्रॅमा’. एवढे सांगून आपण प्रकरण बंद करतो. रूपांतरात काय बदलते हे पाहायला कोणी थांबत नाही. किंगच्या कथेतला मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरात एकटा राहतो, आणि तिच्याजवळ जाण्याची त्याला भीती वाटते. ही परिस्थिती मराठी घरात आली की तिच्यात एक घटक आपोआप शिरतो, जो अमेरिकी घरात इतका जड नसतो. आजीने हाक मारली की जायचे असते. म्हाताऱ्या माणसाची किळस वाटली तरी ती दाखवायची नसते. ‘आजी’ हा शब्दच अर्धे काम करतो. भय राक्षसीपणाचे नसून आज्ञेचे होते. धारपांच्या ज्या कादंबऱ्या फसतात त्या नेमक्या तेथे फसतात जेथे घराला नियमच नाहीत : निर्जन बंगला, कुठूनसे आलेले त्रयस्थ तरुण, जातगोत नसलेले गाव, आणि शेवटी सर्व काही निस्तरणारे ‘समर्थ’. अशा कथेत भूत कोणाचेही असू शकते, म्हणून ते कोणाचेच नसते. रीतिभातींच्या कादंबरीचे अपयश याच्या नेमके उलट असते. तिच्यातून भय गळाले की उरते ते सासू-सुनेचे गोडतिखट. मराठी मासिकांनी त्याचे ढीग छापले.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचा येथे उल्लेख न करणे म्हणजे समीक्षेने डोळे मिटून घेणे होईल. या चित्रपटाने आशयबीज घेतले धारपांच्या ‘आजी’कडून आणि नाव घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीकडून. दोन कपाटांतली दोन पुस्तके एका पडद्यावर आली. पेंडशांच्या द्विखंडात्मक कादंबरीचे कथानक चित्रपटात नाही. तरीही नावाची ही उसनवारी मला योगायोग वाटत नाही. जगबुडीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या पेंडशांनी मांडल्या; त्या घराण्याचा मान, त्याची दंडेली आणि त्याचा ऱ्हास यांत रीत आणि पाप वेगळे काढता येत नाहीत. चित्रपटाने तोच ऱ्हास धनलोभी देवतेच्या रूपकात घातला. १९१८च्या तुंबाडातील भागात साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला वेळेवर जेवण नेऊन घालणे हे घरातल्या विधवा आईचे काम आहे. त्या प्रसंगातली भीती आपण सगळे सांगतो. तिथे पंगतीचा क्रम पाळला जातो आहे, आधी तिचे पान मग मुलांचे, हे सहसा सांगत नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. चित्रपट स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संपतो. ज्या जमीनव्यवस्थेने वाड्याला अन्न पुरवले ती संपत असताना वाड्याच्या पोटातली भूक उघडी पडते, असा त्याचा अर्थ लावता येतो, आणि तो अर्थ पेंडशांची कादंबरी शेजारी ठेवल्यावाचून लागत नाही.

वाडा हा शब्द आला, म्हणून पानशेतचाही विचार करावा लागतो. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासला फुटले, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हरिभाऊंच्या कादंबरीला ज्या प्रकारचे घर लागते (ओटी, माजघर, बाळंतिणीची अंधारी खोली, परसातला आड, वर बिऱ्हाडकरू) तशी असंख्य घरे त्या दिवशी ढासळली. वाडासंस्कृती एकट्या पानशेतने संपवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भाडेनियंत्रण, वाटण्या, नंतरचे बांधकाम व्यावसायिक यांनीही आपापला वाटा उचलला. पण पूरग्रस्तांच्या वसाहतींत राहायला गेलेल्या कुटुंबांना रीती पाळायला खोल्याच उरल्या नाहीत. बाजूला बसायला जागा नसेल तर विटाळ कसा पाळायचा? हा प्रश्न विनोदी वाटेल. कादंबरीच्या रूपबंधाच्या दृष्टीने तो मूलभूत आहे. भुतालाही अडगळीची खोली लागते. सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेल्या भाऊरावाला चाळीत बोलायला लावले आणि जुन्या स्मशानातच दहन हवे असा हट्ट त्याच्या तोंडी घातला, तेव्हा रीत आणि भूत दोघेही बेघर झाल्याची ती पहिली ठणठणीत नोंद होती. ते नाटक आहे, म्हणून यादीत नाही. पण यादी मागणाऱ्यांना मी ते तोंडी सुचवले.

हे झाले धरणाच्या खालचे. वरच्या बाजूची कथा वेगळी आणि कमी सांगितलेली आहे. पुढे धरण पुन्हा बांधले गेले, तानाजीसागर भरला, आणि आंबीच्या खोऱ्यातील शिवारे, घरे, पायवाटा पाण्याखाली राहिल्या. मावळात पाणवठ्याशी साती आसरांचे शेंदरी दगड असतात. गावाचा पाणवठाच जलाशयाच्या तळाशी गेल्यावर आसरा कोठे जातात, कोणी त्यांना वर आणले, कोणाच्या हातून आणले, मान कोणाचा ठरला? हे रीतिभातींचे प्रश्न आहेत आणि त्याच वेळी भयाद्भुताचेही. पाटीलकीचा मान, भावकीची उतरंड, देवाच्या पालखीचा खांदा हे सारे विशिष्ट जमिनीला बांधलेले असते. जमीन बुडाली की मान तरंगत राहतो. आपल्या भयकथेने आजवर भुतांचा मक्ता कोकणाला दिला आहे. मावळचे पाणी तिने अजून पुरेसे पाहिलेले नाही.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी कादंबरी योगायोगाने त्याच वर्षीची आहे. दि. बा. मोकाशींची ‘देव चालले’ (१९६१). कोकणातल्या एका जुन्या घरातले देव मुंबईस न्यायचे ठरते, आणि त्या निर्णयाभोवती घरातली माणसे आपापली जागा शोधू लागतात. मोकाशींच्या कादंबरीत चमत्कार नाही, आवाज चढत नाही. तरीही रिकामे होणारे देवघर ज्या रीतीने साऱ्या घरावर सावली टाकते ती रीत पट्टीच्या भयकथाकाराने शिकावी अशी आहे. मी ही कादंबरी यादीत सर्वांत वर घातली.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. भुतांच्या यादीला वाङ्मयीन प्रतिष्ठा देणे म्हणजे अंधश्रद्धेला मागच्या दाराने घरात घेणे नव्हे काय? ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या राज्यात त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला, तेथे हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. माझे उत्तर असे की, अंधश्रद्धा भयाचे पालन करायला सांगते. चांगली भयाद्भुत कादंबरी भयाचे वाचन करायला लावते. हडळ म्हणजे काय हे कळायला बाळंतपणात बाया का मरत होत्या आणि मेल्यावर त्यांची भीती का वाटत होती हे विचारावे लागते. मांत्रिकाला हा प्रश्न परवडत नाही, कादंबरीकाराला टाळता येत नाही. टाळला तर कादंबरी मांत्रिकाच्या बाजूची होते, आणि अशा कादंबऱ्या आपल्याकडे आहेत. त्यांची शिफारस मी केलेली नाही.

इंग्रजी वाचू शकणाऱ्यांसाठी दोन नावे जोडली. मर्विन पीकची ‘टायटस ग्रोन’ (१९४६) : तिच्यात भूत नाही, जादू नाही, फक्त एक अवाढव्य गढी आणि तिचे अर्थ विसरलेले विधी, आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याची ओळख असलेल्या वाचकाला ती ब्रिटिश वाचकापेक्षा अधिक जवळची वाटण्याचा संभव आहे. दुसरी सुझना क्लार्कची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४). एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लंड, ऑस्टिनच्या वळणाचा सभ्य निवेदक, आणि त्या सभ्यतेच्या आत एक करार. मेलेली लेडी पोल जादूने जिवंत होते, मोबदल्यात तिची रात्र परक्या सत्तेच्या स्वाधीन होते. त्याविषयी ती बोलू लागली की तोंडातून भलत्याच गोष्टी निघतात, आणि घरचे लोक तिला आजारी समजतात. यमूनंतर शंभरावर वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, बोलू न शकणारी तीच बाई.

अलीकडच्या मराठीत हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ मला महत्त्वाची वाटते. भयकथेच्या परंपरेतून आलेल्या या लेखकाने एकत्र कुटुंब, गाव, लैंगिकता आणि भय यांना एकाच कादंबरीत आणले, आणि भय कोठून येते याचे उत्तर घराबाहेर शोधले नाही. तिचा विस्तार काही ठिकाणी हाताबाहेर जातो; तरी दोन कपाटांपैकी ती कोणत्या कपाटात ठेवायची हे ठरवता येत नाही, हा तिचा गुणच म्हटला पाहिजे. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ मी तिच्या शेजारी ठेवली, कारण वाडा संपल्यावर रीत फ्लॅटमध्ये कशी राहते हे तिच्यात दिसते.

यादी पाठवताना नावांचा क्रम जोड्यांनी लावला होता : हरिभाऊंच्या शेजारी खानोलकर, पेंडशांच्या शेजारी धारप, मोकाशींच्या शेजारी गुप्ते. वाचनालयाच्या नोंदवहीत मात्र विषयाचा रकाना एकच आहे, आणि त्यात एकच शब्द लिहावा लागतो. ग्रंथपालांनी ‘तुंबाडचे खोत’पुढे काय लिहू म्हणून विचारले. ‘सामाजिक’ असेच लिहायला सांगितले, आणि धारपांपुढेही तेच.